पुलावरचे दोन दिवस

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद आहेतच. आज मुद्द्याचं आधी लिहिते.

अप्पा गेल्या मंगळवारी न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूचा तुकडा बसवलाय, काल घरी आणलं. तुला फोन केला नाही, कारण फोन त्यांच्या खोलीत आहे आणि आपण त्यांच्याविषयी बोलायला लागलो की ते भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतात. शिवाय घरचा नियम तुला ठाऊक आहे: ठरवायची गोष्ट कागदावर.

इस्पितळाचं बिल आलं नाही. इथे येत नाही. निघताना एका बाईंनी सही घेतली, चालताना धरायचा घोडा दिला आणि पुढचा पेशंट बोलावला.

आता त्यांना दिवसातून चार-पाच वेळा पलंगावरून उचलावं लागतं. मी आठ ते चार पाण्याच्या प्रयोगशाळेत. तुझे भावोजी बंदरावर क्रेनवर, तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. दुपारी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई डोकावतात, पण त्या स्वतःच सत्तरीच्या.

आई गेल्यावर अप्पांचं राजधानीतलं सरकारी घर सुटलं, तेव्हा आपण वाटणीचा कागद केला. एक जानेवारीला ते हद्दीवरचा पूल ओलांडून माझ्याकडे येणार, दोन जुलैला पूल ओलांडून तुझ्याकडे. दोन वर्षं तो कागद आपण पाळला. आता एकदा मोडू. मार्चमध्येच त्यांना घेऊन जा.

तुला परवडेल, हे मी अंदाजाने म्हणत नाही. अप्पा सरकारात असताना दर वर्षी काढायचे, ते राज्यांच्या कर-खर्चाचं करडं पुस्तक उघडून बसले आहे. पान चौदा. कमाईवरचा कर: तुमच्या राज्यात शंभरातले नऊ, आमच्यात सव्वीस. म्हणजे दर शंभरामागे सतरा तुझ्या खिशात राहतात. त्यातून दिवसभराचा माणूस ठेवता येईल. घरात तू एकटाच आहेस, जागाही आहे.

कळव.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. अप्पांना सांग की मी विचारत होतो.

तू पान चौदा काढलंस, पण पान पंधरा उलटलं नाहीस. लहानपणी तू असं केलं असतंस तर अप्पांनी पेन्सिलीने टपली मारली असती. पान पंधरावर खर्च आहे. म्हाताऱ्या माणसांवर दरडोई तुमचं राज्य आमच्या चौपट खर्च करतं. तुमच्याकडे गृहसेवा आहे. पंचाहत्तरीच्या वरचा रहिवासी अंथरुणाला खिळला की सरकार दिवसाला चार तासांचा सेवक घरी पाठवतं. आमच्याकडे काय आहे? कूपन. सेवक आपण शोधायचा, पैसे आपण द्यायचे, वर्षाअखेर एक तृतीयांश परत मागायचे.

पान सोळाही उलट. आमच्याकडे कमाईवर नऊ आहेत खरे, पण वस्तूवर अठरा. साबण, औषधी पावडर, मोठ्या माणसांचे लंगोट, सगळ्यांवर अठरा. गेल्या सहामाहीत अप्पांसाठी मीच आणत होतो, म्हणून ठाऊक आहे. तुमच्याकडे लंगोटांवर कर नाही. ज्या राज्यात म्हातारपण स्वस्त, तिथे म्हाताऱ्याने राहावं. यात माझा स्वार्थ नाही, साधी तुलना आहे.

गृहसेवेला अर्ज कर. तू सव्वीस भरतेस. हक्काने माग.

बारक्या

ता. क. — कागद मोडायचा तर दोघांच्या सहीने मोडू. एकतर्फी नको.


११ मार्च

चि. बारक्यास,

अर्ज केला. नामंजूर झाला.

कचेरी पाचव्या मजल्यावर आहे. तिथली कारकून वयाने माझ्याएवढीच, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. चांगली बाई होती. आधी तिने अप्पांचं वय पाहिलं, इस्पितळाचा कागद पाहिला आणि म्हणाली, मिळेल. मग रहिवासाचा रकाना आला. मागच्या वर्षातले एकशे त्र्याऐंशी पूर्ण दिवस या राज्यात हवेत. मी म्हटलं, निम्मं वर्ष माझ्याकडेच असतात. तिने बसच्या तिकिटांच्या तारखा मागितल्या आणि समोरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीचं टोक एकेका दिवसावर टेकवत मोजलं. दोन जानेवारी ते एक जुलै. एकशे एक्याऐंशी. पुन्हा मोजलं, मला दाखवत. एकशे एक्याऐंशी.

दोन दिवस कमी पडतात, असं ती म्हणाली. तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने पेन्सिलीचं टोक उगाचच टोकयंत्रात फिरवलं.

पण यातून तुझं काम सोपं झालं. जो इथला नाही तो तुमचा. अर्धं माझ्याकडे भरलं नाही, म्हणजे जास्तीचं तुझ्याकडे भरलं. कूपन तर कूपन, एक तृतीयांश तरी सुटेल. तुझ्या कचेरीत अर्ज दे आणि त्यांना न्यायला ये. भावोजी म्हणतात, तुझ्या चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात रांग लागलेली असते, एक तास काढ. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, पण तास काढ.

अप्पा जेवतात. मी सकाळी त्यांना बसवते, दुपारी बाई बसवतात, चारनंतर पुन्हा मी. दिवसभर लोकांच्या नळाचं पाणी तपासते आणि पिण्यास योग्य म्हणून सही करते. सही नीट येते. बाकी मला काही जाणवत नाही.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न.

आमची कचेरी तळमजल्यावर आहे. आमच्याकडे सरकार लहान आहे, त्यामुळे जिनेही कमी. एकच खिडकी, आत एकच माणूस, तो डबा खाऊन येईपर्यंत मी बाकावर बसलो.

त्याने मोजायला यंत्र वापरलं. तीन जुलै ते एकतीस डिसेंबर. एकशे ब्याऐंशी. एक दिवस कमी.

मी म्हटलं, हे कसं शक्य आहे? शेजारच्या राज्यात एकशे एक्याऐंशी, इथे एकशे ब्याऐंशी. बेरीज तीनशे त्रेसष्ट. वर्षाचे दोन दिवस गेले कुठे? तो म्हणाला, पुलावर. ज्या दिवशी माणूस हद्द ओलांडतो, तो दिवस दोन्ही राज्यं धरत नाहीत. जिथून निघाला त्यांच्या लेखी तो गेलेला असतो, जिथे पोचला त्यांच्या लेखी अजून आलेला नसतो. मी विचारलं, मग त्या दिवशी माणूस असतो कुठे? त्याला हा प्रश्न आवडला. म्हणाला, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग खिडकी बंद केली.

म्हणजे अप्पा मागच्या वर्षी कुठलेच नव्हते. त्याच्या आदल्या वर्षीही नसतील. आपण कागद केला तेव्हा तू पट्टी लावून वर्षाचे दोन सारखे भाग पाडले होतेस आणि मी म्हटलं होतं, वा, एका दिवसाचाही अन्याय नाही. तुझ्याकडचा एक दिवस कमी कसा, यावर आपण अर्धा तास घातला होता, आठवतं? शेवटी फेब्रुवारीवर खापर फोडलं.

आपल्यापैकी एकाने जरी दोन दिवस जास्त ठेवून घेतलं असतं, तरी अप्पांना एक राज्य मिळालं असतं.

न्यायला सध्या येता येणार नाही. कारण विचारू नकोस.

बारक्या


२० एप्रिल

चि. बारक्यास,

कारण विचारू नकोस म्हणालास, तर विचारत नाही. मी सांगते ते ऐक.

तुझं पत्र आल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं. लहानपणी दर वर्षी छपाईआधी याचा कच्चा खर्डा घरी यायचा, ते आठवतं ना? जेवणाच्या टेबलावर तू आकडे मोठ्याने वाचायचास आणि मी टिक करायची. एका बाजूला राज्यांची नावं, वर करांचे दर, खाली खर्च. तू अमुक राज्य, बारा पूर्णांक चार, असं गायल्यासारखं वाचायचास आणि अप्पा डोळे मिटून ऐकायचे. शेवटच्या ओळीशी आलो की ते म्हणायचे, पुरे, फक्त आकडे वाचा. म्हणून पानाखालची बारीक अक्षरातली ओळ आपण कधी वाचली नाही. मी आता वाचली. भिंग लावून वाचली, तूच दिलेलं.

“जे कोणत्याही राज्याचे रहिवासी ठरत नाहीत, ते या तक्त्यात धरलेले नाहीत. त्यांची संख्या उपलब्ध नाही.”

तीस वर्षांच्या तीस पुस्तकांत ही ओळ आहे. अप्पांनी लिहिलेली.

मी पुस्तक घेऊन त्यांच्या खोलीत गेले. विचारलं, तुम्हाला दिवसांचा हा नियम माहीत होता? ते म्हणाले, “हो.” विचारलं, आम्ही कागद करत होतो तेव्हा तुम्ही समोर बसला होतात, तेव्हाही? ते म्हणाले, “हो.” आणि भिंतीकडे वळायला लागले, पण खुब्यामुळे त्यांना आता वळता येत नाही. म्हणून छताकडे बघत राहिले.

बारक्या, या पुस्तकावर माणसांनी सभा गाजवल्या आहेत. तुमच्याकडचे म्हणतात, कमी कर म्हणजे मोकळा माणूस. आमच्याकडचे म्हणतात, जास्त कर म्हणजे निर्धास्त माणूस. दोघांच्या हातात एकच करडं पुस्तक, दोघांचं बोट वेगळ्या पानावर. तीस वर्षं टाळ्या पडल्या. पानाखालची ओळ एकाही सभेत वाचली गेली नाही. राज्य म्हणजे दुकान नाही, की तुझा भाव काय आणि माझा भाव काय. जो स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही त्याला दोन्ही बाजूंनी दोन हात लावून उठवतात की नाही, एवढीच राज्याची परीक्षा. आणि घराचीही तीच. आपण दोघंही नापास झालो. आपणही पानं दाखवण्यातच वेळ घालवला. मी चौदा, तू पंधरा.

हे लिहिताना मला राग यायला हवा. येत नाही. भांडं घासल्यासारखं लिहिते आहे.

तुझ्याविषयी एकच लिहिते. नऊ टक्क्यांच्या राज्यात राहून, दुकान चालवून, एकटा असून तू बापाला चार महिने आधी न्यायला तयार नाहीस. मी हे लिहिलं नसतं, पण ठरलंय ना, कागदावर.

ताई


२५ मे

ती. ताईस,

सा. न.

उशीर झाला. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

कारखाना ऑक्टोबरपासून बंद आहे. अप्पा इथे होते तेव्हाच बंद झाला. चौकातल्या मोठ्या दुकानाने स्वतःचं यंत्र आणलं. नंबर टाकला की पंधरा मिनिटांत भिंग घासून बाहेर येतं. मला एका भिंगाला पाऊण तास लागायचा. पहिल्या महिन्यात ऑर्डरी निम्म्या झाल्या, तिसऱ्या महिन्यात फक्त जाड नंबरवाले म्हातारे येत राहिले, कारण त्यांना माझ्याशी बोलायचं असायचं. मग तेही थांबले.

तू लिहिलंस की शंभरातले सतरा माझ्या खिशात राहतात. ताई, शून्याचे नऊ टक्के काढले काय आणि सव्वीस काढले काय. पण साबणावरचे अठरा मी अजूनही भरतो. कमाई नसली तरी माणूस अंघोळ करतो. माझ्याकडून राज्याला तुझ्या समजुतीपेक्षा जास्त मिळतं, आणि हे अप्पांच्या पान सोळावर आहे, ते तीस वर्षं कुणी उलटलं नाही.

अप्पांना सगळं माहीत होतं. रोज सकाळी मी शटर वर करायचो, आत बसायचो, सहाला खाली करायचो. ते वरच्या खोलीतून शटरचा आवाज मोजत असणार. एकदा जेवताना म्हणाले, आज चौकटी बसवल्यास का? मी म्हटलं, चार. ते म्हणाले, छान. तेवढंच.

दिवसभर माणूस घरी असला की काय होतं, ते सांगतो. मी त्यांना उचलायला शिकलो. तेव्हा हाड मोडलेलं नव्हतं, पण गुडघे धरत नव्हते. पहाटे त्यांना आंघोळ घालायचो, पाठीला पावडर लावायचो. माझी मनगटं यंत्र फिरवून घट्ट झालीत, त्यांचं वजन मला जाणवत नाही. मला ते काम येतं. पण पैसे नाहीत, म्हणून मी तुला पान पंधरा दाखवलं. त्यांना इथे आणलं असतं तर तू त्यांना बघायला आली असतीस आणि तुला रिकामं दुकान दिसलं असतं.

तू वाटेल ते म्हण.

बारक्या


३ जून

चि. बारक्यास,

काही म्हणत नाही. तुझं पत्र एकदा वाचलं, घडी घातली आणि प्रयोगशाळेत गेले. बाटल्या लावल्या, नमुने तपासले. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा वाचलं.

आता माझं ऐक. फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं की अप्पा घसरून पडले. ते घसरले नाहीत. मी त्यांना धरलं होतं. दोन्ही काखांत हात घालून उठवत होते आणि माझ्या कंबरेत कळ आली, तशी मी हात सोडले. सोडले म्हणजे सुटले नाहीत, सोडले. ते खाली बसल्यासारखे पडले आणि मला म्हणाले, लागलं का तुला? कंबरेचं दुखणं दिवाळखोर नातेवाइकासारखं दोन वर्षं लपवते आहे. पट्टा बांधते, वर साडी. डॉक्टर म्हणाले, दहा किलोच्या वर उचलायचं नाही. मी साठ किलो उचलत होते, रोज पाच वेळा.

म्हणून तुला घाई केली होती. आळस नव्हता.

आता पुढचं. मी त्या पाचव्या मजल्यावर पुन्हा गेले. चष्मेवाल्या बाईने मला ओळखलं. तिने सांगितलं, या वर्षी जुलैत त्यांना हलवू नका. डिसेंबरपर्यंत इथेच राहिले की पुढच्या जानेवारीत त्यांची नोंद होईल आणि गृहसेवा मिळेल. आणि आणखी एक सांगितलं, जे पान पंधरावर नाही. सेवक म्हणून नात्यातला माणूस चालतो. त्याला शिकाऊ परीक्षा द्यावी लागते, पगार सरकार देतं. फक्त तोही इथला रहिवासी हवा, त्याच नियमाने.

तुला समजलं असेलच. दोन जुलैला तू त्यांना न्यायला येणार होतास. ये, पण नेऊ नकोस. राहा. भिंगांची यंत्रं विक नाहीतर घेऊन ये, गच्चीच्या खोलीत मावतील. वर्षाची उरलेली सहामाही इथे काढ. जानेवारीत दोघांची नावं एकदम लागतील, त्यांचं खाटेवर आणि तुझं सेवक म्हणून. हे काम तुला येतं, असं तूच लिहिलंस. कुणाच्याही तक्त्यात त्याला रकाना नव्हता. आता एक आहे असं दिसतं.

तोवर भावोजींनी बंदरावरून दोन महिने सुटी काढली आहे. क्रेनवाला माणूस, म्हणतो, चाळीस टनांचा डबा इंचावर ठेवतो, सासऱ्यांना पलंगावर ठेवता येणार नाही का? ठेवतो, पण अप्पा डोळे घट्ट मिटून घेतात.

ताई


१४ जून

ती. ताईस,

सा. न.

येतो.

एक यंत्र विकलं, एक ठेवलं. घरमालकाला एक तारखेला किल्ली द्यायची आहे. दोन तारखेच्या सकाळच्या बसचं तिकीट काढलं, कागदावर हीच तारीख आहे, म्हणून हीच घेतली. बदलायची म्हटली की पुन्हा दोघांच्या सह्या लागतील, असं वाटलं आणि हसू आलं. फार दिवसांनी आलं. मोठं नव्हतं.

इथून निघण्याचं काही वाटत नाही. वाटेल असं वाटलं होतं. शटरला वंगण घालून ठेवलं आहे, पुढच्या माणसासाठी. दुकानाच्या पाटीवर अजून डोळ्याचं चित्र आहे. ते तसंच राहू दे म्हटलं मालकाला.

सेवकाच्या परीक्षेला काय विचारतात, ते विचारून ठेव. मी माणूस उचलू शकतो, पण उचलण्याविषयी लिहू शकतो की नाही ते सांगता येत नाही.

तुझ्या कंबरेविषयी काही लिहीत नाही. आल्यावर पट्टा बघतो. तुमच्या राज्यात त्यावर कर नसेल.

बारक्या


२१ जून

चि. बारक्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतं. झोपून लिहितो आहे.

तुमची पत्रं मी वाचली, तुझी आलेली आणि ताईने पाठवलेल्यांच्या तिच्याकडच्या नकला. तुझ्या ताईने माझ्या पलंगावरच्या दुसऱ्या उशीखाली ठेवली होती, मला मधूनच उशी बदलायला लागते हे ती विसरली. फेब्रुवारीपासूनची सगळी वाचली.

दोन तारखेला येऊ नकोस. एक तारखेला ये.

तुम्ही दोघांनी माझे दिवस मोजले, तुझे कुणी मोजले नाहीत. दोनला पूल ओलांडलास तर तीन जुलैपासून तुझे मोजतील. एकतीस डिसेंबरपर्यंत एकशे ब्याऐंशी होतात. हा आकडा तू स्वतःच एप्रिलच्या पत्रात लिहिला आहेस. एक कमी. तिकडचेही तुझे एकशे ब्याऐंशीच होतील. म्हणजे पुढचं सगळं वर्ष तू कुठलाच नसशील, आणि नोंद त्याच्याही पुढच्या वर्षावर जाईल. तितकी वाट पाहायला माझ्याकडे जागा नाही.

एकला ओलांडलास तर एकशे त्र्याऐंशी. बरोबर एवढेच. एकही दिवस शिल्लक नाही. त्यामुळे किल्ली मालकाला तीसला दे, एकची पहिली बस धर, आणि मग वर्ष संपेपर्यंत पुलावर पाऊल ठेवू नकोस. विसरलेलं सामान विसरलेलंच राहू दे.

आता माझं. मला नियम माहीत होता. तुम्ही पट्टी लावून वर्ष कापत होतात तेव्हा तोंडाशी आलं होतं. पण तीस वर्षं दोन रकाने शेजारी शेजारी मांडले की काय होतं ते मी पाहिलं होतं. माणूस फक्त कुठला मोठा ते बघतो. मी एक दिवस मागितला असता तर तुमच्यापैकी एकाचा रकाना मोठा झाला असता. मग आयुष्यभर तो एक दिवस टेबलावर राहिला असता. तुम्ही सारखे निघालात याचं मला बरं वाटत होतं. त्याच्यासाठी दोन दिवस गेले तर जाऊ देत, असं वाटलं. पानाखालची ओळ मी तीस वर्षं लिहिली, तिच्यात स्वतः बसायला काही अवघड गेलं नाही.

तुझ्या बाबतीत ते जमत नाही.

हिशेब तपासून पाहिला आहे. काल दुपारी तुझ्या ताईला कॅलेंडर घेऊन बसवलं. तिला कारण सांगितलं नाही. ती एक एक तारीख मोठ्याने वाचत होती, मी टिक करत होतो.

अप्पा